ओठांवरचा जर आणि वाटींतलें तूप

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं पाळणा हालला. घरांत तान्हें मूल येऊन सत्तावीस वर्षें लोटलीं होतीं, त्यामुळें लहानथोर सर्वांचीच धांदल उडालेली होती. बाराव्या दिवशीं बारसें करावयाचें ठरलें आणि आदल्या दिवशीं आमची थोरली कन्या, म्हणजे बाळाची सख्खी आत्या, नागपुराहून चंद्रपुरास आली. वाटेंत थंडी बाधली असेल, किंवा आधींच्या आठवड्यांतल्या जागरणांचा शीण असेल. दारांत पाऊल टाकलें तेव्हां तिच्या खालच्या ओठाच्या कडेला मोहरीएवढ्या पांच-सहा फोडांचा झुबका उठलेला दिसला. बहुतेक वाचकांच्या घरीं हा पाहुणा कधीं ना कधीं येऊन गेलेला असेल. कोणी त्याला ‘जर’ म्हणतात, कोणी ‘ताप ओठावर फुटला’ असें म्हणतात. आम्हीं आपल्या नेहमींच्या शिक्षकी थाटांत फर्माविलें, “देवघरांतल्या वाटींतलें तूप लाव. उद्यांपर्यंत बसेल.” तिनें वाटींत बोट बुडविलें, ओठाला तूप लावलें, आणि मोठ्या हौसेनें पाळण्याकडे निघाली.

बाळंतिणीच्या खोलींतून सूनबाईचा आवाज आला, “वन्सं, जरा थांबा.” मग ती स्वतः उंबऱ्यापर्यंत आली आणि खालीं पाहून म्हणाली, “बाबा, वन्संनीं राग मानूं नये. पण ओठावर जर असतांना त्यांनीं बाळाच्या कानाशीं तोंड नेऊं नये असें मला वाटतें. दवाखान्यांतून निघतांना डॉक्टरीणबाईंनीं हें बजावून सांगितलें होतें. आणि ती वाटीही आतां निराळी ठेवूं या.”

खरें सांगावयाचें तर आम्हांस राग आला. आपल्याकडे बाळाच्या कानांत नांव सांगण्याचा मान आत्याचा. त्याच मानासाठीं ही मुलगी रजा काढून आली. आणि तिला उंबऱ्यावर अडवावयाचें, तें एवढ्याशा फोडांसाठीं! कन्या कांहीं बोलली नाहीं, पण तिचे डोळे भरून आले. सूनबाईही रडवेली झाली. सौ.नीं आमच्याकडे अशा दृष्टीनें पाहिलें कीं, “आतां तुम्हीच निवाडा करा.” चौतीस वर्षें वर्गांत निवाडे केले, पण घरांतला हा निवाडा कांहीं केल्या सुचेना. तेव्हां आम्हीं टोपी घातली आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो आतां बालरोगांचा डॉक्टर आहे. लहानपणीं त्याच्या संस्कृतच्या वह्या आम्हीं तांबड्या शाईनें भरून टाकलेल्या होत्या. त्यानें ती उणीदुणी त्या संध्याकाळीं व्याजासकट फेडलीं, परंतु अत्यंत नम्रपणें.

“सर,” तो म्हणाला, “सूनबाईंचें शंभर टक्के बरोबर आहे.”

त्यानें जें सांगितलें आणि त्यानंतर आम्हीं जें वाचलें, तें येथें देतों. जर हा तापाचा अंश नव्हे आणि उष्णतेचा विकारही नव्हे. तो एका अतिसूक्ष्म विषाणूचा उपद्रव होय. त्या विषाणूला वैद्यकांत ‘हर्पीस सिंप्लेक्स, प्रकार पहिला’ असें म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांतल्या पन्नाशीच्या आंतील माणसांपैकीं सुमारें दोन तृतीयांश माणसांच्या शरीरांत तो वास करून आहे. बहुतेकांना तो बालपणींच मिळतो, आणि मिळतो तो एखाद्या प्रेमळ वडीलधाऱ्याच्या मुक्यांतून! एकदां शिरला कीं तो जन्मभर जात नाहीं. चेहऱ्याला संवेदना पुरविणारी जी त्रिशाखी नाडी आहे, तिच्या मुळाशीं कानाच्या आंतल्या अंगाला मज्जातंतूंची एक गांठ आहे. तेथें तो निजून राहतो. ताप, पडसें, कडक ऊन, बोचरा वारा, जागरण, मनस्ताप, स्त्रियांच्या बाबतींत मासिक धर्माचे दिवस, यांपैकीं एखादें निमित्त मिळालें कीं तो जागा होतो, नाडीच्या वाटेनें खालीं उतरतो आणि ओठाच्या कडेवर प्रगट होतो. बहुतेकदां त्याच जागीं. आमच्या कन्येला कॉलेजांत असल्यापासून तो त्याच कोपऱ्यावर येतो, याचा उलगडा आम्हांस इतक्या वर्षांनीं झाला.

येथें थोडें विषयांतर करण्याची मोकळीक वाचकांनीं द्यावी, कारण भाषेच्या शिक्षकाला ही जागा सोडवत नाहीं. ‘हर्पीस’ हा शब्द ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ सरपटणारा. लॅटिनांत त्याच अर्थाचें क्रियापद ‘सेर्पो’, आणि आपल्या संस्कृतांत ‘सृप्’ धातु, ज्यापासून ‘सर्प’ आला. हे तिन्ही एकाच मूळ कुळांतले; संस्कृतांतला आरंभींचा ‘स’ ग्रीकांत ‘ह’ होतो, इतकाच फरक. आपल्या वैद्यांनीं त्वचेवर पसरत जाणाऱ्या दाहक रोगाला ‘विसर्प’ म्हटलें, आणि आपल्या आज्यांनीं कमरेवर पट्टा उमटविणाऱ्या फोडांना ‘नागीण’ म्हटलें. ही नागीण जराच्याच कुळांतली, पण निराळ्या विषाणूची. ग्रीक वैद्य, संस्कृत वैद्य आणि आपल्या माजघरांतली आजी या तिघांनाही त्वचेवर सरपटणारें कांहीतरी दिसलें, हें पाहून आम्हांस मौज वाटली. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मुखरोगांचा अध्याय आहे. त्यांत ओठांचे आठ रोग दिले असून, पित्ताच्या ओष्ठरोगाचें वर्णन करतांना मोहरीच्या आकाराच्या पुळ्यांनीं ओठ भरून जातात असें म्हटलें आहे. तो रोग म्हणजे हाच जर, असें आम्ही छातीठोकपणें म्हणणार नाहीं. पण मोहरीची उपमा मात्र चपखल आहे.

आतां तुपाकडे वळूं. डॉक्टरांना आम्हीं सरळच विचारलें, “मग इतकीं वर्षें आम्ही तूप लावीत आलों तें व्यर्थच काय?” तो हंसून म्हणाला, “व्यर्थ नाहीं सर, पण तुपाला त्याचें काम कोणतें तें सांगितलें पाहिजे.” तुपानें विषाणू मरत नाहीं. जर आठ-दहा दिवसांत आपल्या पायांनींच जातो: आधीं चुणचुण, मग फोड, मग ते फुटून ओली जखम, मग खपली. ओठाच्या त्वचेला घर्मग्रंथि नसतात आणि तिला मऊ राखणाऱ्या तैलग्रंथीही जवळजवळ नसतातच. शिवाय ती पातळ. त्यामुळें खपली वाळून कडक होते, आणि बोलतांना, जांभई देतांना, भाकरीचा घांस घेतांना मधोमध चिरते. रक्त येतें, आग होते, आणि बरी होत आलेली जखम पुन्हां पहिल्या पायरीवर जाते. स्निग्ध लेप तेथें कामाला येतो. तो आंतला ओलावा उडूं देत नाहीं, खपली नरम ठेवतो, आग शमवितो. इतकेंच त्याचें काम. पण ज्याला जर आलेला आहे त्याला हें ‘इतकेंच’ किती मोठें आहे तें विचारावें.

कोणता स्निग्ध पदार्थ वापरावा, याविषयीं आमचें मत असें कीं जो साधा, बिनवासाचा आणि निर्भेळ तो उत्तम. बाजारांत मिळणारी पेट्रोलियमची पांढरी जेली ह्या कामीं निर्दोष आहे. तिची उत्पत्तिकथाही गमतीची. १८५९ सालीं अमेरिकेंतल्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत खनिज तेल लागलें, तेव्हां रॉबर्ट चेझब्रो नांवाचा एक तरुण रसायनज्ञ तेथें गेला. तेलाच्या विहिरींतल्या सळ्यांवर एक मेणचट चिखल सांचे आणि यंत्रें अडवी; पण तेथले मजूर तोच चिखल भाजल्या-कापल्यावर लावीत. त्यानें तो शुद्ध केला आणि १८७२ सालीं ‘व्हॅसलीन’ या नांवानें त्याचें पेटंट घेतलें. मजुरांचें शहाणपण बाटलींत भरून विकणें ही विद्या आपल्याकडे कोणी फारशी साधली नाहीं. नाहीं तर आमच्या ह्या जंगलमुलुखांत मोह काय थोडे आहेत? मोहाच्या फळाला इकडे टोळ म्हणतात. त्याच्या बियांचें टोळीचें तेल थंडींत तुपासारखें थिजतें, आणि गोंड व माडिया घरांत तें खाण्यालाही चालतें व फुटलेल्या अंगालाही. कोंकणांत हेंच काम कोकमाचें तेल करतें.

आयुर्वेदांत ‘सिक्थतैल’ म्हणून एक सुटसुटीत योग आहे: एक भाग मधमाश्यांचें मेण आणि पांच भाग तिळाचें तेल, मंदाग्नीवर विरघळवून गार केलें कीं झालें. मेण खरें असावें. बाजारांत मेणबत्तीचें मेण त्याच नांवानें गळ्यांत मारतात. ‘शतधौत घृत’ही पुष्कळांना ठाऊक असेल. चरकानें तें विसर्पावर सांगितलें आहे. आमच्या मातोश्री तांब्याच्या परातींत तूप घेऊन पाण्यानें शंभर वेळां धूत, आणि मोजणी चुकूं नये म्हणून दर वेळीं एक गहू बाजूला ठेवीत. शेवटीं तें लोण्यासारखें पांढरें, हलकें होई आणि तुपाचा वास पार निघून जाई. पण तें पोटांत घ्यावयाचें नसतें अशी परंपरेची आज्ञा आहे, आणि ओठावर लावलेलें थोडेंफार पोटांत जाणारच. म्हणून ओठाला आम्ही साधें घरचें तूपच पसंत करतों.

कोणताही लेप असो, तो घ्यावयाची रीत मात्र बदलली पाहिजे, आणि येथेंच आम्ही चुकलों होतों. डबींत किंवा वाटींत बोट घालूं नये. चिमूटभर पदार्थ स्वच्छ चमच्यानें वेगळ्या पानावर काढावा, कापसाच्या बोळ्यानें जखमेवर चोळल्याविना टेकवावा, बोळा टाकून द्यावा आणि हात साबणानें धुवावे. तेंच बोट डोळ्याला लागलें तर बुबुळावर जखम होऊन दृष्टीस धोका पोहोंचतो. एकत्र कुटुंबांत एकच डबी आठ जणांची असते, आणि एकच पंचा चार जणांचा. आपण उष्ट्याखरकट्याचा एवढा विचार करणारे लोक! दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लागला तर तो पेला घासल्याविना घेत नाहीं, आणि मलमाच्या डबीला मात्र हा नियम कधीं लागूं झाला नाहीं. आमच्या घरांत तर ती वाटी बाळाची टाळू भरावयालाही उचलली गेली असती.

लावूं नये असे पदार्थही पुष्कळ आहेत. चुना, मीठ, लिंबू, दांत घासण्याची पेस्ट यांनीं जखम जळते. कापूर-पुदिन्याचे झोंबणारे बाम तसेच. सर्वांत वाईट म्हणजे औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून आणलेलीं, अंगावरच्या खाजेचीं मिश्र मलमें. त्यांपैकीं पुष्कळांत स्टेरॉइड असतें. तें लालपणा दाबतें, पण त्याबरोबर शरीराचा प्रतिकारही दाबतें, आणि विषाणूला मोकळें रान मिळतें.

ज्या औषधानें विषाणूची वाढ खरोखर थोपते तें ‘एसायक्लोव्हिर’. त्याचें मलम मिळतें, पण तें चुणचुण सुरू होतांच, फोड उठण्यापूर्वीच, दिवसांतून पांच वेळां लावलें तर त्याचा उपयोग. तोही फार तर एखाद्या दिवसाची बचत. वारंवार किंवा जोरानें येत असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. ह्या औषधाच्या शोधामागें गर्ट्रूड एलियन ह्या अमेरिकन विदुषीचें मोठें काम आहे. स्त्री म्हणून प्रयोगशाळेंत कोणी उभें करीना, तेव्हां त्यांनीं न्यूयॉर्कच्या शाळांत रसायन आणि पदार्थविज्ञान शिकविलें. पुढें डॉक्टरेट न घेतांच त्यांना १९८८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मास्तरकीच्या पेशांतलें माणूस म्हणून आम्हांस याचा जरा अभिमान वाटतो. वाचकभगिनींना वेगळ्या कारणानें वाटेल.

आमच्या ह्या दोन जिल्ह्यांपुरता एक मुद्दा आहे, आणि तो इतर सर्वांहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो. गडचिरोली १९८२ सालीं वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी सिरोंचापर्यंतचा सगळा मुलूख चंद्रपुराचाच. त्या मुलुखांत नोकरीच्या आरंभीं आम्ही होतों. आमच्या वर्गांतल्या एका मुलाला हुडहुडी भरून ताप आला. तिसऱ्या दिवशीं ताप उतरला आणि ओठावर जर उठला. गांवांतल्या जाणत्यांनीं सांगितलें, “ताप बाहेर फुटला, आतां भय नाहीं.” आम्हीही मान डोलावली, इतकेंच नव्हे, तर “उद्यांपासून शाळेला पाठवा” असेंही बजावलें. चौथ्या दिवशीं ताप पुन्हां चढला तो मूल बरळूं लागेपर्यंत. श्रावणाचे दिवस, नाल्याला पूर. चार जणांनीं त्याला खाटेवर घालून, खाट डोक्यावर धरून नाला ओलांडला. दवाखान्यांत रक्त तपासलें तेव्हां हिंवताप निघाला, तोही मेंदूवर जाणारा. पोर वांचलें, पण त्या रात्रीं दवाखान्याच्या ओट्यावर बसून जें मनांत आलें तें अद्याप विसरलों नाहीं.

महाराष्ट्रांतल्या हिंवतापाच्या रोग्यांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षें मोठा राहिला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा ह्या भागांतून आलेल्या किंवा तिकडे जाऊन आलेल्या माणसाला ताप येऊन जर फुटला, तर तो ताप गेल्याची खूण समजूं नये. जर एवढेंच सांगतो कीं अंगांत ताप होता. तो कशाचा होता आणि गेला कीं दबा धरून बसला, हें रक्ताचा थेंबच सांगेल. ओठाला तूप लावावें, आणि त्याच दिवशीं रक्तही तपासून घ्यावें.

आणखी एक. इकडे खर्र्याचें व्यसन घरोघर शिरलें आहे. सुशिक्षित घरेंही सुटलेलीं नाहींत, हें आम्ही नांवें न घेतां पण खात्रीनें सांगूं शकतों. खर्रा खाणाऱ्याच्या ओठावर किंवा गालाच्या आंत जखम झाली, आणि ती तीन आठवड्यांत भरून आली नाहीं, तर तिला जर म्हणून तूप लावीत बसूं नये. ती तत्काळ दाखवावी. तोंड येणें, ओठाचे कोपरे चिरणें ह्या निराळ्या गोष्टी. त्यांचीं कारणें निराळीं, आणि त्यांविषयीं पुढें कधीं लिहूं.

आतां बाळाकडे. थोरामोठ्यांना जो जर केवळ त्रासदायक, तोच पहिल्या कांहीं आठवड्यांतल्या अर्भकाला प्राणघातक होऊं शकतो. त्याची प्रतिकारशक्ति तोंवर तयार झालेली नसते; विषाणू रक्तांत शिरून यकृत आणि मेंदू यांपर्यंत पोहोंचूं शकतो. असें क्वचित् घडतें, पण घडतें तेव्हां कधीं कधीं अंगावर फोडही दिसत नाहींत. मूल दूध ओढीत नाहीं, मलूल पडतें, एवढेंच दिसतें. म्हणून ज्याच्या ओठावर जर आहे त्यानें खपली पूर्ण पडून खालची त्वचा भरून येईपर्यंत तान्ह्याचा मुका घेऊं नये, त्याच्या तोंडाशीं तोंड नेऊं नये. आईलाच जर आला तर तिनें तोंडाला स्वच्छ फडकें बांधून, हात धुवून पाजावें. स्तनावर फोड नसतील तर दूध तोडण्याचें कारण नाहीं.

डॉक्टर हें सांगत असतां आम्हांस गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेची आठवण झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं ती १९८६ सालीं काढली. १९९५ ते १९९८ या काळांत त्यांनीं एकूणचाळीस गांवांत गांवच्याच बायकांना शिकवून घरोघर नवजातांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गांवांतलें नवजातांच्या मृत्यूचें प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक उतरलें. तेथले जंतु निराळे, रोग निराळा. पण थोडें शिकलेली खेड्यांतली बाई बाळाला हात लावण्याआधीं हात धुते, आणि आम्ही आयुष्यभर शिकवूनही सुनेवर रागावतों, ह्या विचारानें परततांना पाय जड झाले.

घरीं येऊन आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं सूनबाईचें बरोबर आहे आणि आमचें चुकलें. बत्तीस वर्षांच्या मुलीला समजाविणें मात्र सोपें नव्हतें. “म्हणजे मी बाळाला बाधेन, असेंच ना?” ती म्हणाली, आणि त्यावर कांहीं उत्तर नव्हतें. शेवटीं सूनबाईच तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी काय बोलल्या तें आम्हांस ठाऊक नाहीं. दुसऱ्या दिवशीं नांव सांगावयाला चुलत आत्या बसली. सख्ख्या आत्यानें तोंडाला पट्टी बांधून, हात धुवून, पाळण्याची दोरी धरली, आणि पाळणा म्हणणाऱ्या बायकांत तिचाच आवाज सर्वांत मोठा होता. देवघरांतली वाटी घासून कोनाड्यांत ठेवली गेली. लेपासाठीं चिमुकली निराळी डबी आली, तिच्यावर सौ.नीं चिठ्ठी डकवली: “बोट घालूं नये.” ही ताकीद कोणाला उद्देशून आहे, हें घरांत सर्वांना कळलें.

शिमग्याला कन्या पुन्हां आली. ओठ स्वच्छ होता. तिनें आधीं तो सूनबाईला दाखविला, मगच बाळाला मांडीवर घेतलें. नातीला आतां चौथा महिना होता. आत्यानें तिच्या कानाशीं वांकून चारदां ‘कुर्र’ केलें आणि नांव सांगितलें, तेव्हां नातीनें तिच्या कानांतली कुडी घट्ट धरून ठेवली होती, आणि ती सोडवितांना सूनबाईला पुष्कळ वेळ लागला.